उपदेशाचा अधिकार

उपदेश ही जगांतील सर्वांत स्वस्त वस्तु आहे, आणि घेणाऱ्यापेक्षां देणाऱ्यासच तिची गोडी अधिक असते. वडीलकीच्या, धर्माच्या किंवा आरोग्याच्या नात्यानें आपण दिवसांतून किती वेळां दुसऱ्यास हिताच्या चार गोष्टी सांगतों, आणि त्यांपैकीं किती गोष्टी ऐकणाऱ्याच्या आचरणांत उतरतात, याचा जमाखर्च कोणी ठेवीत नाहीं. तो ठेवला असता तर आपणांपैकीं पुष्कळांस मौनव्रत स्वीकारावें लागलें असतें. परंतु एका बाबतींत मात्र हा जमाखर्च मोठ्या चिकाटीनें ठेवला गेला आहे. ती बाब म्हणजे तंबाखूचें व्यसन. गेल्या पन्नास वर्षांत देशोदेशींच्या वैद्यांनीं व संशोधकांनीं विडी-सिगारेट ओढणाऱ्यांस निरनिराळ्या रीतींनीं उपदेश करून, कोणत्या रीतीनें किती माणसांचें व्यसन खरोखर सुटतें, हें मोजून पाहिलें आहे. या उद्योगास आतां 'समुपदेशन' असें भारदस्त नांव मिळालें आहे. त्या मोजणीचें सार सांगावें हा प्रस्तुत लेखाचा एक हेतु आहे. परंतु तिच्यामागें जो नीतीचा प्रश्न उभा आहे तो वाचकांपुढें मांडावा, हा त्याहून मोठा हेतु आहे. जाणत्या वयाच्या मनुष्यास 'हें सोड' असें सांगण्याचा अधिकार दुसऱ्या मनुष्यास कशानें प्राप्त होतो?

हा प्रश्न आमच्या मनांत ग्रंथ वाचून उत्पन्न झाला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या अखेरीस जव्हारहून मोखाड्याच्या बाजूस जाण्याचा आम्हांस प्रसंग आला असतां, वाटेंत एका आरोग्यकेंद्राच्या ओट्यावर घटकाभर बसावें लागलें. आंत तरुण डॉक्टर होते व बाहेर चाळीसपन्नास रोगी ताटकळत होते. साठीच्या घरांतील एक शेतकरी खोकत आंत गेला. तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या, आणि तो निघतां निघतां डॉक्टरांनीं त्यास एका दमांत सांगितलें कीं, बाबा, विडी सोडा, नाहीं तर हा खोकला तुम्हांला सोडणार नाहीं. म्हातारा म्हणाला, "सोडीन, साहेब." तो बाहेर येऊन आमच्या शेजारीं टेकला, तेव्हां आमच्यांतील सुशिक्षित मनुष्य जागा झाला. फुप्फुसें, कर्करोग, विड्यांवर वर्षाकांठीं जाणारा पैसा, असें सर्व कांहीं आम्हीं त्यास पंधरा मिनिटें समजावून दिलें. त्यानें मध्यें एकदांही न बोलतां तें ऐकून घेतलें, आणि शेवटीं पुन्हां तो म्हणाला, "सोडीन, साहेब." नंतर त्यानें कमरेची चंची सोडली, दोन विड्या काढल्या, आणि त्यांतील चांगली वळलेली एक आमच्यापुढें धरली.

त्या वेळीं आम्हांस हंसूं आलें. आज त्या हंसण्याची लाज वाटते. म्हातारा आमची थट्टा करीत नव्हता. एक परका मनुष्य आपल्यासाठीं इतका वेळ घसा कोरडा करीत बसला, त्याची परतफेड तो आपल्यापाशीं जें होतें त्यानें करीत होता. ज्या मुलखांत दोन अनोळखी माणसांचें पहिलें बोलणें तंबाखूच्या देवघेवीनें सुरू होतें, तेथें विडी सोडणें म्हणजे नुसता धूर सोडणें नव्हे. ओळखीची, विसाव्याची व पाहुणचाराची एक रीत सोडणें होय. काय सोडावयाचें तें आम्हीं त्यास सांगितलें होतें. त्याच्या जागीं काय धरावयाचें याविषयीं आम्ही एक अक्षरही बोललों नव्हतों.

हा मुलूख कसा आहे हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. आतां जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके २०१४ सालीं ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत मोडतात. वारली, कोकणा, कोळी, ठाकूर, कातकरी अशा आदिवासी समाजांची येथें बहुसंख्या आहे. डोंगरउतारावर नाचणी व वरई पिकते. पाऊस उदंड पडतो, पण तो वाहून जातो, आणि दिवाळीनंतर पाड्यांतील धडधाकट माणसें वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर भिवंडी-वसईकडे निघून जातात. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनीं साऱ्या महाराष्ट्रास मान खालीं घालावयास लाविली, तो हाच मुलूख. येथें विडी आहे, मशेरी आहे, आणि चुन्याबरोबर तळहातावर मळलेली तंबाखूही आहे. सबंध महाराष्ट्राचा विचार केला तर २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ माणसें कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू सेवन करणारीं आढळलीं. धूर ओढणारीं शेंकडा ३.८ आणि तंबाखू खाणारीं अथवा दांतांस लावणारीं शेंकडा २४.४ होतीं, व कांहींजण दोन्ही प्रकारांत मोडत होते. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न एकट्या विडीचा नाहीं. परंतु व्यसन सोडविण्याच्या रीतींची मोजणी मुख्यत्वें ओढणाऱ्यांच्या बाबतींत झालेली असल्यामुळें आपणांस तिच्याच आधारानें चाललें पाहिजे.

येथें एका आक्षेपाचा आधींच विचार केला पाहिजे. ज्याच्या पोटांत पुरेसें अन्न नाहीं, त्याच्या तोंडची विडी कां काढून घ्यावी, असें कांहीं सहृदय माणसें विचारतात. तंबाखूनें भूक मंदावते हें खरें आहे, आणि कष्टकऱ्यास तेवढाच विसावा हेंही खरें आहे. परंतु आपल्या सख्ख्या भावाच्या बाबतींत आपण असें बोलत नाहीं. भुकेवर विडीचा उतारा मान्य करणारी दया ही दयेच्या वेषांत वावरणारी उपेक्षा होय. गरिबास तंबाखूची किंमत दोनदां मोजावी लागते. एकदां मजुरींतून, आणि दुसऱ्यांदा आजारपणानें बुडालेल्या मजुरीच्या रूपानें. विडी ही झाडाच्या पानाची, म्हणून सिगारेटपेक्षां सौम्य, असा एक समज आहे; तोही खोटा आहे. ती विझूं नये म्हणून वारंवार ओढावी लागते, आणि तिच्या धुरांतून निकोटिन व डांबर यांचा पुरवठा सिगारेटच्या मानानें कमी होत नाहीं. तेव्हां सांगावें कीं न सांगावें हा प्रश्नच नाहीं. मात्र या आक्षेपांत एक अर्धें सत्य आहे, तें विसरतां कामा नये: जो विडी सोड म्हणतो, त्याला त्या माणसाच्या भुकेशीं कांहीं कर्तव्य नसेल तर त्याचा शब्द ऐकणाऱ्याच्या कानापलीकडे जाणार नाहीं.

आतां दुसरा मुद्दा असा कीं, जो व्यसनी आहे त्यास व्यसनाचे तोटे ठाऊक नसतात, ही समजूतच बहुधा चुकीची असते. धर्म कळतो पण त्याकडे प्रवृत्ति होत नाहीं, आणि अधर्म कळतो पण त्यापासून निवृत्ति होत नाहीं, अशा अर्थाचें जें बोलणें परंपरेनें दुर्योधनाच्या तोंडीं घातलें आहे, तें त्या एका दुष्टाचें नाहीं. तें आपणां सर्वांचें आहे. यांत शरीराचाही वांटा मोठा आहे. धुरांतील निकोटिन कांहीं सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोंचतें. रोजची संवय असलेल्यानें तें एकाएकीं बंद केलें म्हणजे चिडचिड, बेचैनी, निद्रानाश यांनीं पहिला आठवडा असह्य होतो, आणि हा त्रास पुरता ओसरण्यास तीनचार आठवडे लागतात. कोणाच्याही मदतीवांचून, केवळ स्वतःच्या निश्चयानें सोडावयास निघालेल्या शंभर माणसांपैकीं सहा महिन्यांनीं किंवा वर्षानें तीन ते पांचच त्या निश्चयावर टिकून राहिलेलीं आढळतात. म्हणून व्यसनास निव्वळ पाप समजून रागें भरणें जसें व्यर्थ, तसेंच त्यास निव्वळ रोग समजून गोळी देऊन मोकळें होणेंही अपुरें आहे. या दोहोंच्या मध्यें जी जागा आहे, ती उपदेशाची, किंवा आजच्या भाषेंत समुपदेशनाची.

त्याचे प्रकार क्रमानें पाहूं. पहिला प्रकार म्हणजे वैद्याचा दोन मिनिटांचा शब्द. मोखाड्याच्या वाटेवर आम्हीं जो ऐकला तोच. त्याची परीक्षा लंडनमध्यें मायकेल रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं करून १९७९ सालीं तिचा निकाल प्रसिद्ध केला. पांच दवाखान्यांतील अठ्ठावीस डॉक्टरांकडे आलेल्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्यांचे त्यांनीं चार गट पाडले. एका गटास कांहींच सांगितलें नाहीं. दुसऱ्यास नुसते प्रश्न विचारले. तिसऱ्यास डॉक्टरांनीं सोडण्याचा सल्ला दिला. चौथ्यास सल्ल्याबरोबर एक पत्रक दिलें आणि पुढें याची पुन्हां चौकशी केली जाईल असें सांगून ठेवलें. एक वर्ष टिकून राहणाऱ्यांचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ असें आलें. शंभरांत पांच हा आंकडा पाहून कोणी नाक मुरडील. परंतु त्यासाठीं खर्ची पडलेला वेळ किती थोडा होता हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें मोल कळतें. पुढें २०१३ सालीं बेचाळीस प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यांत आला, तेव्हांही असेंच दिसून आलें कीं, डॉक्टरांच्या अशा थोडक्या शब्दानें शंभरांमागें एक ते तीन माणसें अधिक सुटतात. त्या तरुण डॉक्टरांचा एका दमांतला उपदेश आम्हांस त्या दिवशीं कोरडा वाटला होता. तो वाया गेला असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

दुसरा प्रकार भयाचा. १ एप्रिल २०१६ पासून आपल्या देशांत तंबाखूच्या वेष्टनाचा शेंकडा ८५ भाग धोक्याच्या चित्रानें व इशाऱ्यानें व्यापलेला असावा असा नियम झाला. भय हें दार ठोठावण्यास चांगलें. माणूस जागा होतो. परंतु जागा झाल्यावर कोणत्या वाटेनें जावें हें भय सांगत नाहीं, आणि रोज पाहिलेलें भयंकर चित्रही हळूहळू भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरासारखें होतें. शिवाय आमच्या म्हाताऱ्याच्या विडीस वेष्टनच नव्हतें. ज्यानें आपली विडी स्वतः वळली, किंवा दुकानांतून दोनचार सुट्या विकत घेतल्या, त्याच्यापर्यंत तें चित्र पोहोंचावें कसें?

तिसरा प्रकार एकान्तांतील संभाषणाचा. शिकलेला समुपदेशक एकट्या व्यसनी माणसाशीं कांहीं वेळां बसून बोलतो: विडीची आठवण केव्हां होते, कोणाच्या संगतींत होते, पहिल्या आठवड्यांत काय करावयाचें, ढळलें तर काय करावयाचें. २०१७ च्या एका आढाव्यांत एकोणपन्नास प्रयोगांतील सुमारें एकोणीस हजार माणसांचा हिशेब मांडला आहे. त्यावरून अशा बैठकींनीं सुटण्याचा संभव, नुसत्या जुजबी सल्ल्याच्या मानानें, शेंकडा ४० ते ८० नीं वाढतो असें दिसतें. याच प्रकारांत विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनीं १९८३ सालीं मद्यपींच्या अनुभवावरून सुचविलेली, व पुढें स्टीफन रॉलनिक यांच्यासह १९९१ च्या ग्रंथांत विस्तारानें मांडलेली एक पद्धति आहे. तिचें मर्म असें कीं, समुपदेशकानें वाद घालूं नये. व्यसनी मनुष्याच्या मनांत सोडावें व सोडूं नये असे दोन्ही पक्ष आधींच भांडत असतात. आपण एका पक्षाची वकिली केली कीं तो आपोआप दुसऱ्या पक्षाची करूं लागतो. म्हणून त्यास विचारावें, ऐकावें, आणि सोडण्याचीं कारणें त्याच्याच तोंडून निघूं द्यावीं.

ही रीत ऐकतांच सुसंस्कृत मनास पटते, व आम्हांसही पटली. परंतु येथें प्रामाणिकपणें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २०१९ सालीं या पद्धतीच्या सदतीस प्रयोगांची छाननी झाली, तेव्हां धूम्रपान सोडविण्याच्या कामीं ती इतर समुपदेशनाहून सरस आहे असें खात्रीनें म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाहीं. सर्वांत आदराची रीत सर्वांत गुणकारीही असलीच पाहिजे, अशी आपली इच्छा असते. जग नेहमीं त्या इच्छेप्रमाणें चालत नाहीं. आमच्या मतें यावरून आदराची किंमत कमी होत नाहीं. म्हाताऱ्यास माणूस म्हणून वागवावें याला वैद्यकीय आंकड्यांची शिफारस नको. फक्त आदर हेंच औषध, असा दावा करण्याच्या मोहापासून आपण दूर राहिलें पाहिजे.

चौथा प्रकार समूहाचा. दहापंधरा माणसांनीं एकत्र बसून एकमेकांच्या साक्षीनें सोडावयाचें. स्वतः पुस्तक वाचून सोडणाऱ्यांहून अशा गटांतील माणसें अधिक यशस्वी होतात, हें सिद्ध झालें आहे. मात्र तितकाच वेळ देणाऱ्या एकान्तांतील समुपदेशनाहून गट श्रेष्ठ ठरत नाहीं. आपल्या लोकांस समूहाची रीत नवीन नाहीं. माळ घालणारा वारकरी मद्यमांस सोडतो तो एकटा नव्हे, दिंडीच्या साक्षीनें. मात्र तंबाखूची चंची त्याच माळकऱ्याच्या कमरेस पुष्कळदां तशीच राहते, कारण ती सोडण्याची अट दिंडीनें घातलेली नसते. आणि समूहाच्या शपथेचा सर्वांत मोठा प्रयोग तर याच भागाच्या आसपास झाला आहे. १९२१-२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत देवीच्या नांवानें एक चळवळ उठली व डोंगराळ मुलखांतून पसरत १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजराथच्या आदिवासींत पोहोंचली. अंगांत आलेल्या माणसांच्या मुखानें देवी आज्ञा करी: दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा, दारूच्या पारशी दुकानदारांकडे कामास जाऊं नका. गांवेंच्या गांवें एका दिवसांत दारूपासून दूर झालीं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत हा वृत्तान्त सविस्तर दिला आहे. पुढें कांहीं काळानें पुष्कळजण पुन्हां दारूकडे वळले, कांहीं निश्चयावर राहिले, आणि एकाच समाजांत 'वर्जेला' व 'सरजेला' असे दोन तट पडले.

या चळवळीचा विषय दारू होता, तंबाखू नव्हे. परंतु आमच्या प्रश्नावर ती मोठा प्रकाश टाकते. संगतीनें जडलेलें व्यसन संगतीनेंच सुटतें. सबंध पाड्यानें विडी सोडली तर विडी पुढें करणारा हातच उरत नाहीं, आणि नको म्हणणारा मनुष्य कोणास तुसडा वाटत नाहीं. हें समूहाचें बळ होय. पण जो एकदां ढळला, त्यास त्याच समूहाकडे परत येण्याची वाट बहुधा बंद होते. शपथ मोडणारा तो शपथ मोडणारा. त्याचा तट निराळा. वस्तुतः व्यसन सोडणाऱ्यांपैकीं बहुतेकजण एकदां नव्हे, अनेकदां ढळतात, आणि अनेक प्रयत्नांनंतर पार पडतात. ज्या रीतींत ढळलेल्यास जागा नाहीं, ती रीत पहिल्या दिवशीं कितीही तेजस्वी दिसली तरी बहुसंख्यांच्या उपयोगाची नाहीं.

पांचवा प्रकार दूरध्वनीचा. आपल्या देशांत २०१६ सालीं दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेंत तंबाखू सोडूं इच्छिणाऱ्यांसाठीं विनामूल्य दूरध्वनिसेवा सुरू झाली, व २०१८ सालीं मुंबईचें टाटा स्मारक केंद्र, बंगळूर व गुवाहाटी येथील संस्था तिला जोडल्या गेल्या. १८००-११-२३५६ हा तिचा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावर छापलेला असतो. जगांतील शंभराहून अधिक प्रयोगांवरून असें दिसतें कीं, आपण होऊन अशी सेवा मागणाऱ्यांस समुपदेशकांनीं पुन्हां पुन्हां फोन केल्यास सुटण्याचा संभव एक-तृतीयांशाहून थोडा अधिक वाढतो. जव्हारचा मनुष्य दिवाळीनंतर वसईच्या भट्टीवर गेला, तरी त्याच्या खिशांतला फोन त्याच्याबरोबर जातो. या दृष्टीनें ही सोय स्थलांतर करणाऱ्यास फार सोयीची. पण दऱ्याखोऱ्यांतील पाड्यांत आवाज पोहोंचत नाहीं, मशेरी लावणाऱ्या बाईच्या हातीं स्वतःचा फोन असतोच असें नाहीं, आणि सुट्या विडीवर क्रमांक छापतां येत नाहीं, हेंही विसरतां येत नाहीं.

या पांचांहून वेगळा वाटावा असा एक प्रयोग आपल्याच देशांत झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील दंतवैद्यकीय संशोधकांनीं केरळांतील एर्णाकुलम, गुजराथेंतील भावनगर व आंध्रांतील श्रीकाकुलम या जिल्ह्यांच्या खेड्यांतून छत्तीस हजार तंबाखू सेवन करणारीं माणसें निवडलीं, आणि वर्षानुवर्षें त्यांच्या घरीं जाऊन त्यांचीं तोंडें तपासलीं, त्यांस समजावून सांगितलें, चित्रपट व प्रदर्शनें दाखविलीं. १९८६ सालीं त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. ज्यांस असा उपदेश मिळाला नव्हता त्यांच्या मानानें या लोकांत तंबाखू सोडणारे अधिक निघाले. यांतील कोणती गोष्ट कामीं आली तें वेगळें काढणें कठीण आहे. तरी एक गोष्ट आमच्या मनांत भरली: जो मनुष्य गेल्या वर्षीं दारांत येऊन तोंड तपासून गेला, तो या वर्षीं पुन्हां आला.

आतां सर्व प्रकार एकत्र ठेवून पाहूं. एकान्त कीं समूह, समक्ष कीं दूरध्वनीवर, या भेदानें फलांत जेवढा फरक पडतो, त्याहून अधिक फरक एकंदर किती वेळ दिला व किती वेळां पुन्हां गांठ घेतली यानें पडतो. लंडनच्या त्या प्रयोगांतही सर्वांत अधिक यश, 'पुन्हां चौकशी केली जाईल' असें ज्यांस सांगितलें त्यांच्याच वांट्यास आलें होतें. वैद्यकांत समुपदेशनाच्या पांच पायऱ्या सांगतात: विचारावें, सल्ला द्यावा, तयारी अजमावावी, साहाय्य करावें, आणि पाठपुरावा करावा. पहिल्या दोन पायऱ्यांवर सर्वांची गर्दी असते. पांचवीवर क्वचित् कोणी उभा दिसतो. आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर आम्हांस या पांचव्या पायरीवर सांपडतें. 'हें सोड' असें सांगण्याचा अधिकार विद्येनें येत नाहीं, वयानें येत नाहीं, हेतु शुद्ध असल्यानेंही येत नाहीं. परत येऊन 'कसें चाललें आहे?' असें विचारण्याची, आणि 'पुन्हां ओढली' हें उत्तर न रागावतां ऐकण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच तो येतो.

यावर हिशेबी वाचक म्हणेल कीं, हें काव्य झालें. डॉक्टरांचे तास मोजके आहेत. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा हिशेब आम्हीच करून दाखवितों. समजा, एका डॉक्टरापाशीं या कामासाठीं पन्नास तास आहेत. दर माणसास तीन मिनिटें दिलीं तर हजार माणसांस सल्ला मिळेल, आणि शंभरांमागें दोन या मानानें वीस माणसें अधिक सुटतील. तेच पन्नास तास दर माणसास अडीच तास या प्रमाणें वापरले तर वीसच माणसांस लाभ होईल, आणि त्यांतून एखाददुसरा सुटेल. म्हणजे डॉक्टरानें थोडक्यांत बोलून सर्वांस सांगावें हेंच न्याय्य आहे. परंतु हा हिशेब डॉक्टरांच्या तासांचा आहे. परत जाऊन विचारण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं. पाड्यापाड्यांतून गर्भिणीची व बाळाची चौकशी करीत फिरणारी आशा कार्यकर्ती, शाळेचे गुरुजी, भट्टीवरचा सोबती, घरची सून, यांच्या तासांचा हिशेब त्यांत धरलेला नाहीं. मात्र आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर आधींच किती कामें लादलीं आहेत हें पाहतां, हें आणखी एक फुकटांत तिच्यावर टाकणें म्हणजे आपलें कर्तव्य दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणें होईल. शासनानें थोडका शब्द सर्वांपर्यंत पोहोंचवावा. आणि आपणांपैकीं प्रत्येकानें आपल्या माहितीच्या एकादोघांस दीर्घ सोबत द्यावी. ही दोन कर्तव्यें एकमेकांचीं वैरी नाहींत.

हें कर्तव्य आमच्या वाचकांपासून दूर नाहीं. मोखाड्यास जाण्याचें कारण नाहीं. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई मशेरी लावते, आपले वडील जेवणानंतर गच्चीवर जाऊन सिगारेट ओढतात, इमारतीचा रखवालदार तंबाखू मळतो. या सर्वांस आपण सांगून चुकलों आहों. त्यांतील किती जणांस, सांगितल्यावर आठ दिवसांनीं, आपण पुन्हां विचारलें? कामवाल्या बाईस सांगतांना आपला आवाज जसा असतो तसा वडिलांस सांगतांना असतो काय? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांस हुकूमच ऐकावे लागले, त्यांनीं 'हो' म्हणून सुटका करून घेण्याची विद्या चांगली साधलेली असते. 'सोडीन, साहेब' हें उत्तर आपल्या उपदेशाचें यश नसून तो लवकर संपावा म्हणून केलेली विनंति असूं शकते.

आपल्या परंपरेंत उपदेशाचा सर्वांत थोर प्रसंग कुरुक्षेत्रावरचा मानला जातो. त्यांतील तीन गोष्टी आम्हांस या संदर्भांत आठवतात. उपदेश सुरू झाला तो अर्जुनानें स्वतः विचारल्यावर. अठरा अध्याय सांगून झाल्यावर, याचा पुरता विचार करून तुझी इच्छा असेल तसें कर, असें म्हणून कृष्णानें निर्णय त्याच्यावर सोपविला. आणि उपदेश संपल्यावर तो रथावरून उतरून गेला नाहीं. युद्ध संपेपर्यंत लगाम हातीं धरून बसला. महाभारतांतच पुढें, आश्वमेधिक पर्वांत, एक प्रसंग आहे. सर्व शान्त झाल्यावर अर्जुन कृष्णास म्हणतो कीं, तूं त्या वेळीं सांगितलेलें मी विसरून गेलों. कृष्णास वाईट वाटतें, तो चार शब्द बोलतोही. पण 'एकदां सांगितलें तें सांगितलें' असें म्हणून उठून जात नाहीं. तेंच तत्त्व तो निराळ्या रीतीनें पुन्हां सांगतो. ती अनुगीता होय. गीतेची पारायणें घरोघर होतात. अनुगीता फारशी कोणी वाचीत नाहीं. विसरलेल्यास पुन्हां सांगण्याचें काम आपणांस नेहमींच कमी प्रतीचें वाटत आलें आहे.

मोखाड्याच्या वाटेवरील त्या म्हाताऱ्याकडे आम्ही पुन्हां गेलों नाहीं. जावें असें पुष्कळदां मनांत आलें, आणि दर वेळीं कांहीं ना कांहीं काम निघालें. त्यानें विडी सोडली कीं नाहीं हें आम्हांस ठाऊक नाहीं, व तें विचारण्याचा अधिकारही आतां आम्हांस उरला आहे असें वाटत नाहीं. पंधरा मिनिटें आम्ही बोललों. त्याचें नांव मात्र आम्हीं विचारलें नव्हतें.